अल्बम : मुक्या वहीची कुळकथा

अल्बम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी लग्नाचा अल्बम येतो : जाड काळी पानं, मध्ये सळसळणारा बटर पेपर. गाण्यांच्या संचाला हे नाव चिकटलं तेही अशाच वहीमुळे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. आपल्या गवयांनी तेवढ्यात राग उरकून दाखवला. सिंफनीला ते कसं जमावं? ती चार-पाच तबकड्यांवर तुकड्यातुकड्यांनी पसरे आणि त्या तबकड्या कागदी खिशांच्या पुठ्ठाबांधणी वहीत ठेवल्या जात. 1909 साली ‘ओडियन’ कंपनीनं चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर स्वीट’ असाच चार तबकड्यांत विकला.

वहीच्या अंगावर मात्र बहुधा काही नसे. मळकट रंगाचा पुठ्ठा, कण्यावर नाव, संपलं. या वह्यांना पुढे ‘थडगी’ असं नाव पडलं, आणि ते शोभतंही. नटणंमुरडणं सगळं जाहिरातीकडे. कर्ण्यापुढे मान कलती करून बसलेला ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रा 1900 पासून जाहिरातींत होता, पण तो कंपनीची ओळख सांगे, आतल्या संगीताबद्दल अवाक्षर नाही. आणि गंमत पाहा, मूळ लॅटिन ‘अल्बम’ म्हणजे पांढरी रंगवलेली पाटी. रोममध्ये जाहीर सूचना तिच्यावर लिहीत. कूळ दवंडीचं, वंशज मुका.

त्याला वाचा फुटली ती जाहिरातवाल्याकडूनच. 1939 साली ‘कोलंबिया रेकॉर्ड्स’नं अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या ब्रुकलिनच्या पोराला कलादिग्दर्शक नेमलं. वय बावीस-तेवीस. काम जाहिराती, पोस्टर, कॅटलॉग यांचं. ऑस्ट्रियाहून आलेल्या योझेफ बिंडर या पोस्टरकाराच्या हाताखाली तो तयार झालेला. लांबून, चालत्या माणसाला दिसेल असं चित्र काढायची सवय. त्यानं मालकांना गळ घातली : पोस्टर वहीवरच छापू. खर्च वाढणार म्हणून कुरकुर झाली, मग परवानगी मिळाली.

त्याचं पहिलं कव्हर 1940 चं, रॉजर्स आणि हार्ट या संगीतकार-गीतकार जोडीच्या गाण्यांचं. त्यासाठी न्यूयॉर्कच्या इंपीरियल थिएटरच्या दिव्यांच्या पाटीवर त्यानं अल्बमचं नाव लावून घेतलं आणि फोटो काढला. म्हणजे त्याच्या अल्बमचं पहिलं चित्र एका जाहिरातीचंच! पुढे बेथोव्हनच्या ‘इरॉइका’ सिंफनीला नवं कव्हर चढलं आणि खप 895 टक्क्यांनी वाढला, असं सांगतात. इतका नेमका आकडा ऐकला की मला जरा शंकाच येते. पण इतर कंपन्यांनी कव्हरं रंगवायला घेतली, हे खरं.

1948 साली कोलंबियानं एलपी ही लांब वाजणारी तबकडी काढली. एका तबकडीच्या दोन बाजूंत चाळीसेक मिनिटं मावू लागली, वहीचं कामच उरलं नाही. या नव्या तबकडीसाठी पातळ पुठ्ठ्याचं पाकीट रचलं तेही स्टाइनवाइसनंच. नाव अल्बमच राहिलं.

मासिकातल्या जाहिरातीचं काम यानंतर सोपं झालं, थोडं आळशीही. कव्हरचं चित्र छापायचं, खाली नाव आणि किंमत. मेहनत गेली ती कव्हर काढणाऱ्याकडे : बारा इंचांवर शोभणारं चित्र, स्वस्त कागदावर, बिनरंगी, पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं तरी ओळखू यायला हवं.