जुना सातारा जिल्हा आणि त्याचे लोकसभा-प्रतिनिधी

मतदारसंघातील प्रतिनिधींची यादी ही सामान्यतः पक्षांच्या जयापजयाची नोंद म्हणून वाचली जाते. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत मात्र असे वाचन अपुरे ठरते. या प्रदेशात पक्षांची नावे अनेकदा पालटली, मतदारसंघांच्या सीमाही पालटल्या. तथापि १९५७ पासून १९८४ पर्यंत सातारा मतदारसंघाने लोकसभेत पाठविलेले तीनही प्रतिनिधी एकाच पिढीतून, म्हणजे १९४२ च्या लढ्यातून, पुढे आलेले होते. कागदावर जिल्हा दुभंगला असला तरी राजकीय स्मृतीत जुना अखंड सातारा टिकून होता, हेच या नावांवरून दिसून येते.

१९४९ मध्ये सांगली, मिरज, जत, औंध इत्यादी संस्थानांच्या विलीनीकरणानंतर जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग करण्यात आले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, उत्तर साताऱ्यातून गणेश सदाशिव आळतेकर व दक्षिण साताऱ्यातून व्यंकटराव पवार हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या पक्षास मिळालेला तो अपेक्षित कौल होता.

पाचच वर्षांत चित्र समूळ बदलले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५७ ची निवडणूक लढविली गेली आणि सातारा, कऱ्हाड व मिरज या तीनही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, कऱ्हाडमधून शेतकरी कामगार पक्षाचे दाजीसाहेब चव्हाण आणि मिरजेतून त्याच पक्षाचे बाळासाहेब पाटील लोकसभेत गेले. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना कऱ्हाडची विधानसभेची जागादेखील निसटत्या मताधिक्यानेच राखता आली.

या पराभवाचा अर्थ काँग्रेसच्या परंपरेचा अव्हेर असा करणे चुकीचे होईल. नाना पाटील हे १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारचे अध्वर्यू होते. त्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदानाची व्यवस्था उभारली, तुफान सेना बांधली आणि ब्रिटिश अंमल खिळखिळा केला. लोकांच्या तोंडी या संघटनेचे नाव ‘पत्री सरकार’ असे झाले. ‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग बोलीत रुळलेला नव्हता. त्यातील रकाराचे स्थान बदलून ‘पत्री’ हे रूप सिद्ध झाले आणि मग त्या रूपाला ‘पत्रा’ या परिचित शब्दाचा अर्थ येऊन चिकटला. फितुरांच्या पायांना पत्रे ठोकले जात, ही समजूत या शब्दाभोवती पसरली. शब्द अशा रीतीने नवा अर्थ धारण करतो तेव्हा ती घटना जनमानसात किती खोल रुजली आहे याचा तो पुरावाच असतो. १९५७ चा मतदार नाना पाटलांना मत देत असताना पक्षापेक्षा या स्मृतीला मत देत होता.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले व विरोधी आघाडीचे मुख्य प्रयोजन संपले. दाजीसाहेब चव्हाण काँग्रेसमध्ये आले आणि १९६२ मध्ये कऱ्हाडमधून पुन्हा निवडून गेले. साताऱ्यातून त्या वर्षी काँग्रेसचे किसन वीर विजयी झाले. तेही १९४२ चेच सैनिक. येरवड्याच्या तुरुंगातून निसटून त्यांनी भूमिगत कार्य केले होते. पुढे भुईंज येथील सहकारी साखर कारखान्यास त्यांचेच नाव मिळाले. १९६७ मध्ये यशवंतराव चव्हाण साताऱ्याचे उमेदवार झाले, तर नाना पाटील त्याच वर्षी बीडमधून लोकसभेत गेले. यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्रे येथे, नाना पाटलांचे गाव येडे मच्छिंद्र. ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. साताऱ्याने आपले मानले ते हे दोन पुरुष नव्या सीमेपलीकडचे होते.

यशवंतराव १९६७, १९७१, १९७७ व १९८० असे चार वेळा निवडून आले. १९८० ची निवडणूक विशेष उद्बोधक आहे. त्या वेळी महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या. अर्स काँग्रेसला केवळ एक मिळाली, आणि ती साताऱ्याची होती. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत प्रतापराव भोसले निवडून आले आणि एका पिढीचा अधिकार संपुष्टात आला.

शेजारच्या दोन मतदारसंघांत अधिकाराचे संक्रमण घराण्याच्या मार्गाने झाले. कऱ्हाडमध्ये दाजीसाहेबांच्या निधनानंतर १९७३ मध्ये त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई व १९९१ मध्ये पुत्र पृथ्वीराज निवडून आले. १९८० ते १९८४ ही यशवंतराव मोहिते यांची वर्षे वगळता १९५७ पासून १९९९ पर्यंत ही जागा एकाच घरात राहिली. सांगलीत १९८० साली वसंतदादा पाटील निवडून आले. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडणारे हे क्रांतिकारक पुढे सहकाराचे संघटक व मुख्यमंत्री झाले. त्यांच्यानंतर शालिनीताई, प्रकाशबापू, मदन व प्रतीक पाटील अशी परंपरा २०१४ पर्यंत अखंड चालली. येथे दादा, ताई, बापू हे नातेवाचक शब्द नावांचेच घटक बनले. मतदार व प्रतिनिधी यांचा संबंध नात्याच्या भाषेत व्यक्त होऊ लागला की वारसा स्वाभाविक वाटू लागतो.

तथापि वारशाने उमेदवारी मिळते, कौल मिळतोच असे नाही. १९९६ मध्ये साताऱ्याने शिवसेनेचे हिंदुराव नाईक-निंबाळकर यांना निवडले. १९९९ मध्ये कऱ्हाडमध्ये श्रीनिवास पाटील व २०१४ मध्ये सांगलीत संजयकाका पाटील विजयी झाले. उदयनराजे भोसले साताऱ्यातून २००९, २०१४ व २०१९ मध्ये विजयी झाले. परंतु पक्ष बदलल्यानंतरच्या २०१९ च्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून पराभूत झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी वसंतदादांचे नातू विशाल पाटील सांगलीतून अपक्ष म्हणून विजयी झाले.

२००८ च्या पुनर्रचनेत कऱ्हाड मतदारसंघ नाहीसा झाला. फलटण व माण माढ्यास, तर इस्लामपूर व शिराळा हातकणंगल्यास जोडले गेले. परिणामी येडे मच्छिंद्र आज हातकणंगले मतदारसंघात आहे आणि देवराष्ट्रे सांगलीत. ज्या दोन पुरुषांनी मिळून बावीस वर्षे साताऱ्याचे प्रतिनिधित्व केले, त्यांपैकी एकाचेही गाव आज सातारा मतदारसंघात नाही. १९४९ मध्ये आखलेली सीमा राजकीय व्यवहारात खऱ्या अर्थाने उतरण्यास, म्हणजेच, लढ्याची पिढी मागे पडावी लागली.