बीदरची माती

बीदर उदगीरहून फार लांब नाही, पण आपल्याकडचे लोक तिकडे सहसा फिरकत नाहीत. बिदरी वस्तूंच्या एका छोट्या प्रदर्शनाचे निमित्त झाले आणि एक रविवार तिथे काढला.

प्रदर्शनात सुरई, हुक्का, पानदान होतेच, पण गर्दी होती कारागिराभोवती. जस्त आणि तांब्याचे ओतीव भांडे कानशीने घासायचे, मोरचूद लावून तात्पुरते काळे करायचे, मग नक्षी कोरून खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी खरी गंमत. किल्ल्याच्या जुन्या भागातली, ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून भांड्याला लावतात. जस्त कायमचे काळे पडते, चांदी तशीच लखलखत राहते. कारागीर माती जिभेवर ठेवून पारखतात! शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपले जडवलेले दिसले, तेव्हा ही नजर या गावाची जुनीच आहे हे पटले.

महमूद गावानचा मदरसा पाहून मात्र मन जड झाले. इराणातल्या गीलानहून व्यापारी म्हणून आलेला हा माणूस बहमनींचा वजीर झाला आणि 1472 मध्ये त्याने ही तीन मजली शाळा बांधली. दरबारात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि बाहेरून आलेले, असा उभा दावा होता. गावानच्या शिक्क्याचा जबाबदार माणूस फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवला गेला, त्यावर ओडिशाच्या राजाच्या नावे खोटे पत्र लिहिले गेले. सुलतानाने चौकशीही न करता 1481 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वजिराची मान उडवली. दख्खनी गटाचा म्होरक्या होता मलिक हसन. फिरिश्ता त्याला पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला ब्राह्मण सांगतो. त्याच्याच मुलाने पुढे अहमदनगरची निजामशाही उभारली. मुसलमान राजांचा इतिहास म्हणजे हिंदू-मुसलमान झगडा, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे. मारणारे आणि मरणारा एकाच दरबारातले, एकाच धर्माचे होते. पुढे औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळा ठेवला गेला आणि स्फोटात अर्धी इमारत गेली. उरलेल्या एका मिनारावर निळ्या-पिवळ्या फरशा अजून चिकटून आहेत.

संध्याकाळी अष्टूरला गेलो. अहमदशहा वलीच्या कबरीवरच्या घुमटात आतून रंग आणि सोनेरी अक्षरे आहेत, डोळे अंधाराला सरावल्यावरच दिसतात. मुसलमान त्याला वली मानतात, लिंगायत अल्लमप्रभू. उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि त्यासाठी कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम येतो. कबरीपाशी शंख फुंकला जातो आणि फातेहाही पढला जातो.