डायनॅमो गेला, त्याची परीक्षा मागे राहिली

१/ इंजिन चालू असताना बॅटरीचे एक टोक सोडवायचे; गाडी बंद पडली तर आल्टरनेटर गेला, चालू राहिली तर शाबूत. ही घरगुती परीक्षा आजही छातीठोकपणे सांगितली जाते. ती आल्टरनेटरपूर्व काळातील मोटारींवर खपून जात असे. आज तिच्यामुळे धडधाकट आल्टरनेटर जळू शकतो. असे का, हे कळण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

२/ पॅरिस, १८३२. फॅरेडेच्या विद्युत-प्रवर्तनाच्या शोधाला जेमतेम वर्ष झाले होते. इपोलित पिक्सी या उपकरण-कारागिराने तारेच्या वेटोळ्यांजवळ हाताने चुंबक फिरवणारे यंत्र रचले. धारा मिळाली, पण क्षणाक्षणाला दिशा बदलणारी. घटातून मिळणाऱ्या एकदिश धारेची सवय असलेल्या विद्वानांना हा दोषच वाटला. आम्पेरच्या सूचनेवरून पिक्सीने धारेची दिशा सरळ करणारा कम्युटेटर बसवला.

३/ मोटारीनेही पुढे हाच वारसा उचलला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विद्युत स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे जीवघेणे काम संपले. मात्र स्टार्टरला बॅटरी हवी, आणि बॅटरी पुन्हा भरायला डायनॅमो.

४/ डायनॅमोची सगळी दुखणी कम्युटेटरची होती. पूर्ण धारा फिरत्या भागातून ब्रशांवर येई. ठिणग्या उडत, तांबे झिजे, वेग फार वाढवता येत नसे. परिणामी सिग्नलला थांबलेल्या गाडीचे दिवे मंदावत.

५/ उपाय पिक्सीच्या ‘दोषा’तच होता. धारा प्रत्यावर्तीच निर्माण होऊ द्यावी, ती स्थिर वेटोळ्यांतून घ्यावी आणि बाहेर पडताना सरळ करावी. रुग्णवाहिका व पोलिसांच्या गाड्यांवर बोजड सेलेनियम पट्ट्यांनिशी हे आधीच चालू होते. सिलिकॉन डायोड स्वस्त होताच क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटवर आल्टरनेटर बसवला. (सायकलच्या चाकाला घासणारा आपला ‘डायनॅमो’ही खरे तर चिमुकला आल्टरनेटरच, नाव तेवढे जुने.)

६/ कम्युटेटर म्हणजे तांबे, डायोड म्हणजे नाजूक अर्धवाहक. चालू गाडीची बॅटरी सोडवली की आल्टरनेटरवरील भार एकाएकी नाहीसा होतो आणि बारा व्होल्टांच्या यंत्रणेत क्षणभर कितीतरी पट दाब उसळतो. डायोड जातात, नव्या गाडीत इंजिनाचा संगणकही जाऊ शकतो.

७/ खरी परीक्षा साध्या मल्टिमीटरने होते. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. आकडा १२ च्या घरातच अडला तर आधी पट्टा व जोडण्या पाहाव्यात, मग आल्टरनेटरवर संशय घ्यावा. (काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथे आकडा हलता दिसतो.) मीटर प्रत्यावर्ती मापनावर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसले, तर बहुधा एखादा डायोड गेलेला असतो: पिक्सीची उलटसुलट धारा सरळ न होता बाहेर डोकावते आहे.

८/ आल्टरनेटर बदलताना इंजिन बंद करून बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवतात. आल्टरनेटरची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी बंद असली तरी जिवंत. पाना तिला व गाडीच्या सांगाड्याला एकाच वेळी टेकला की ठिणग्यांचा वर्षाव होतो. शेवटी बॅटरी जोडताना धन-ऋण दोनदा तपासतात. डायनॅमोची ध्रुवता तारेच्या क्षणिक स्पर्शाने पालटता येत असे. उलट्या जोडलेल्या बॅटरीने डायोड मात्र तत्क्षणी जळतात.