सारथ्यावांचून रथ

पाचोऱ्याच्या बाजारांत कापूस बैलगाड्यांतून येत असे, त्या काळच्या हकीकती सांगणारीं म्हातारीं माणसें आमच्या तालुक्यांत अद्यापि भेटतात. माल जिनांत उतरवून, पैका कमरेस बांधून गाडीवान रात्रीं परत निघे. शहराचे दिवे मागें पडले कीं रिकाम्या गाडींत अंगावर पासोडी घेऊन तो खुशाल निजे. बैल आपले चालत राहत. नाला कोठें उतरावयाचा, कोणत्या बाभळीपाशीं वळावयाचें, समोरून गाडी आली तर किती बाजूस सरावयाचें, हें सर्व त्यांस ठाऊक असे, आणि पहाटेच्या सुमारास ते नेमके आपल्या गोठ्यापुढें येऊन थांबत. सारथ्यावांचून चालणाऱ्या रथाची गोष्ट ऐकून आमच्या खेड्यांतील वृद्धांस फारसें नवल वाटत नाहीं, याचें कारण हें असावें.

परंतु बैलाच्या त्या विद्येंत एक मोठी उणीव होती. ती त्या बैलाबरोबर येई आणि त्याच्याबरोबरच जाई. नवा गोऱ्हा जुंपला कीं त्यास सगळी वाट पहिल्यापासून शिकवावी लागे. म्हाताऱ्या बैलाचें ज्ञान काढून त्यास देतां येत नसे. गेल्या वीस-बावीस वर्षांत यंत्रास वाट शिकविण्याचा जो उद्योग जगांत चालला आहे, त्याच्या इतिहासाच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे. एकानें आपल्या यंत्रास शिकविलेलें दुसऱ्याच्या यंत्रास देतां येतें काय, आणि येत असल्यास तें द्यावें कीं कुलुपांत ठेवावें? या इतिहासाचा थोडक्यांत परामर्श घेऊन त्याचा आपल्याशीं काय संबंध पोंचतो, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पाचोरा ते जामनेर धांवणारी अडीच फुटी रुळांवरची छोटी आगगाडी, जीस आमचे लोक लाडानें ‘पीजे’ म्हणत, ती सन २०२० च्या टाळेबंदींत थांबली. तोंपर्यंत सुमारें शंभर वर्षें ती आमच्या शेतांमधून जात होती. तिच्या चालकास वेग आणि थांबा एवढ्याचीच चिंता असे. वळणाची जबाबदारी रुळांनीं उचललेली होती. सडकेवर रूळ नाहींत. तेथें यंत्रास चार कामें करावीं लागतात: भोंवतीं काय आहे तें पाहणें, आपण नेमके कोठें आहों तें जाणणें, पुढें कसें जावयाचें तें ठरविणें, आणि त्याप्रमाणें चाकें वळविणें व गति आवरणें. शेवटचें काम तुलनेनें सोपें. पहिलें मात्र अत्यंत कठिण. कारण सडकेवर काय येईल याची यादी कोणासही पुरी करतां आलेली नाहीं.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेनें १३ मार्च २००४ रोजीं मोहावीच्या वाळवंटांत चालकविरहित वाहनांची शर्यत लाविली. वाट सुमारें २३० किलोमीटरांची होती. शेवटास एकही वाहन पोंचलें नाहीं. सर्वांत पुढें गेलेलें कार्नेजी मेलन विद्यापीठाचें वाहन सुमारें १२ किलोमीटरांवर अडकून पडलें. पुष्कळांनीं या फजितीची थट्टा केली. परंतु ८ ऑक्टोबर २००५ रोजीं शर्यत पुन्हा झाली तेव्हां पांच वाहनांनीं सुमारें २१२ किलोमीटरांची वाट पुरी केली, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅन्ली’ ही गाडी सात तासांच्या आंत पोंचून पहिली आली. पुढें ३ नोव्हेंबर २००७ रोजीं नगरांतील रहदारीचा देखावा उभारून तिसरी परीक्षा झाली. तींत कार्नेजी मेलनचा जय झाला.

या शर्यतींनीं विद्या वाढली खरी. परंतु बैलाची ती जुनी उणीव येथेंही होतीच. विद्वानांनीं आपल्या रीतीचे निबंध प्रसिद्ध केले, तथापि निबंध वाचून गाडी चालत नाहीं. संगणकास ज्या आज्ञा द्यावयाच्या त्यांची मालिका, म्हणजे आज्ञावली, हेंच या रथाचें खरें सारथ्य. आणि ती बहुधा ज्याची त्याच्यापाशीं राही. नवा गट काम आरंभी तो पायापासून.

ही अडचण दूर करण्याचा मार्ग दुसऱ्या एका चळवळीनें आधींच आंखून ठेविला होता. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं सन १९८३ मध्यें अशी घोषणा केली कीं, आज्ञावली कोणासही वाचतां, बदलतां व दुसऱ्यास देतां आली पाहिजे. या तत्त्वास पुढें अनेक शाखा फुटल्या. ‘ओपन सोर्स’ किंवा मुक्तस्रोत हें नांव आतां आपल्याकडेही रूढ झालें आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठांत अंकुरलेली आणि सन २००७ पासून विलो गराज या संस्थेंत वाढलेली ‘रॉस’ नामक आज्ञावली यंत्रमानवांच्या क्षेत्रांत याच तत्त्वावर निघाली. तिची युक्ति टपालखात्यासारखी आहे. यंत्राचा प्रत्येक विभाग आपापलें काम करून त्याचें फळ ठराविक नमुन्याच्या पत्रानें इतरांस कळवितो. त्यामुळें एका देशांतील विद्यार्थ्यानें केवळ पाहण्याचा विभाग सुधारला, तरी दुसऱ्या देशांतील गाडींत तो बसवितां येतो. बाकीचें यंत्र मोडावें लागत नाहीं.

या पायावर सन २०१५ मध्यें जपानांतील नागोया विद्यापीठाच्या शिंपेइ कातो यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘ऑटोवेअर’ ही चालकविरहित वाहनाची समग्र आज्ञावली जगापुढें उघडी ठेविली. सन २०१७ मध्यें चीनच्या बायडू कंपनीनें ‘अपोलो’ खुली केली. त्याच वर्षीं ‘कार्ला’ हें मुक्त आभासी नगर निघालें. त्यांत गाडी कितीही वेळां आपटली तरी कोणाच्या जिवास अपाय होत नाहीं. सन २०१८ च्या अखेरीस ऑटोवेअरच्या संगोपनासाठीं एक प्रतिष्ठान स्थापन झालें, आणि त्यांत विद्यापीठांबरोबर व्यापारी कंपन्याही सामील झाल्या.

विद्येच्या पोषणास बाजारानें हातभार लावावा, ही गोष्ट आमच्या खानदेशास नवी नाहीं. पाचोऱ्याहून आगगाडीनें चाळीसगांवास उतरून दक्षिणेस गेलें म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीं पाटण लागतें. तेथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत विद्वानांच्या नजरेस आणिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता, त्यानें भास्करांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं तेथें मठ काढला, आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनीं त्यास दान दिलें. लेखाचा बराचसा भाग संस्कृत. पण शेवटीं, जेथें व्यवहार आला, तेथें भाषा मराठी होते. पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालांतून मठाचा हिस्सा सांगितला आहे. घाण्यामागें पळी पळी तेल सांगितलें आहे. आजोबांचें गणित घराण्याच्या पेटींत न ठेवतां तें शिकविण्याची सोय करणारा नातू, आणि तीसाठीं तेलाचा वांटा देणारे पाटणचे तेली, यांच्यामुळें ती विद्या पुढें गेली.

अर्थात् हें साम्य फार ताणतां येणार नाहीं. त्या मठाचें दार कोणाकोणास उघडें होतें याचा अंदाज त्या काळची समाजरचना जाणणाऱ्यास सहज करतां येईल. आजचा मुक्तस्रोताचा परवाना जात विचारीत नाहीं, देशही विचारीत नाहीं. तरीही एक गोष्ट तेव्हां होती तीच आज आहे: जो तेल देतो, त्याच्या अंगणांत दिव्याचा उजेड अधिक पडतो.

याचा प्रत्यय यंत्राच्या दृष्टीच्या बाबतींत येतो. यंत्राचा डोळा उपजत शहाणा नसतो. हजारों चित्रें दाखवून, ‘ही मोटार, हा मनुष्य, ही सायकल’ असें प्रत्येकावर लिहून त्यास शिकवावें लागतें. सन २०१२ मध्यें जर्मनींतील कार्ल्सरुहे येथील चित्रांचा व मोजमापांचा ‘किटी’ नांवाचा संग्रह सर्वांस खुला झाला, आणि जगभरच्या संशोधकांनीं त्यावर आपापलीं यंत्रें पारखून पाहिलीं. हा उपकार थोर खरा. पण कार्ल्सरुहेच्या सडकेवर बैलगाडी नाहीं.

न दाखविलेलें यंत्रास दिसत नाहीं, याचें भयंकर उदाहरण १८ मार्च २०१८ च्या रात्रीं अमेरिकेंत टेंपी येथें घडलें. एक स्त्री सायकल हातीं धरून रस्ता ओलांडीत असतां उबर कंपनीच्या प्रायोगिक गाडीनें तिला ठार केलें. सरकारी चौकशींत निष्पन्न झालें कीं, गाडीच्या यंत्रणेस ती आघातापूर्वीं पांच सेकंदांहून अधिक आधीं दिसली होती. पण कधीं वाहन, कधीं सायकल, कधीं ‘इतर कांहीं’ अशी तिची गणना होत राहिली. रस्ता ओलांडण्याची खूण नसेल तेथें मनुष्य रस्ता ओलांडील, हा विचारच त्या रचनेंत नव्हता. गाडींत देखरेखीस बसविलेल्या व्यक्तीचें लक्षही रस्त्यावर नव्हतें. आतां पाचोऱ्याच्या भडगांव रस्त्यावर आठवडे बाजाराच्या दिवशीं क्षणभर उभें राहून पाहावें. तेथें खुणेवरून रस्ता ओलांडणारा मनुष्य शोधून सांपडावयाचा नाहीं!

या उणिवेकडे आपल्या देशांत लक्ष गेलें, ही समाधानाची गोष्ट होय. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहितीतंत्रज्ञान संस्थेंतील सी. व्ही. जवाहर, गिरीश वर्मा प्रभृति संशोधकांनीं सन २०१८ मध्यें हैदराबाद व बंगळूर येथील रस्त्यांवरचीं सुमारें दहा हजार चित्रें चौतीस वर्गांत विभागून प्रसिद्ध केलीं. त्यांत रिक्षास स्वतःचें नांव मिळालें, जनावरांस मिळालें. आणि ज्यांस कोणत्याच नांवांत बसवितां येत नाहीं अशा वाहनांसाठीं एक राखीव वर्गही ठेविला गेला. महाराष्ट्रांतही मुंबईच्या आयआयटींतील ‘सेड्रिका’ या विद्यार्थिगटानें चालकविरहित मोटारीचे प्रयोग केले, आणि तेथील ‘ई-यंत्र’ उपक्रमानें यंत्रमानवाची विद्या गांवोगांवच्या महाविद्यालयांत पोंचविली आहे.

मध्यंतरीं आमच्या एका विद्यार्थ्यानें खिडकींतून टिपलेलें रस्त्याचें चलच्चित्र एका मुक्त आज्ञावलीस दाखविलें. समोरून ऐंशी पदार्थ ओळखणारें तें यंत्र मोठ्या आत्मविश्वासानें चौकटी आंखीत होतें. पऱ्हाट्यांनीं भरलेली बैलगाडी आली तेव्हां त्यानें दोन्ही बैलांस ‘गाय’ म्हटलें, गाडीवानास ‘मनुष्य’ म्हटलें, आणि गाडीस कांहींच म्हटलें नाहीं. वर्ग हंसला. आम्ही मात्र हंसूं शकलों नाहीं. रात्रीं त्या गाडीमागून भरधांव येणाऱ्या मोटारीस हाच डोळा असेल तर काय होईल, हा विचार मनांतून जाईना.

येथें कोणी म्हणेल, चालकविरहित गाड्या आपल्याकडे येऊं देणार नाहीं, असें केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री सन २०१७ मध्येंच म्हणाले. मग ही उठाठेव कशास? चालकांच्या पोटाविषयींची त्यांची चिंता यथार्थ आहे. काळीपिवळी हांकून संसार चालविणारीं शेंकडों घरें या जिल्ह्यांत आहेत. परंतु चालक जागेवर ठेवूनही हा डोळा मोटारींत येऊन बसला आहे. आपोआप ब्रेक लावणाऱ्या, अंतर राखणाऱ्या गाड्या भारतांत विकल्या जात आहेत. त्या डोळ्याचें शिक्षण कोणत्या सडकेवर झालें, हें विचारण्याचा अधिकार ती मोटार कधींही न घेणाऱ्या गाडीवानासही आहे. आज्ञावली कुलुपांत असेल तर त्या प्रश्नाचें उत्तर अपघातानंतरच्या चौकशींतच मिळावयाचें. ती उघडी असेल तर आधीं पाहतां येतें, आणि उणें असेल तें भरतांही येतें.

तें भरण्याचें काम मात्र नागोयाचे किंवा हैदराबादचे विद्वान आपल्यासाठीं करणार नाहींत. तें कोट्यवधि रुपयांचेंही नाहीं. एक बऱ्यापैकीं कॅमेरा, चार उत्साही विद्यार्थी, माणसांचे चेहरे झांकण्याइतका विवेक, आणि ही बैलगाडी, हा उसाचा ट्रॅक्टर, ही शेळ्यांची खांड, अशीं नांवें धीरानें लिहीत बसण्याची तयारी, एवढें भांडवल कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयापाशीं असतें. आमच्या त्या विद्यार्थ्यानें पाचोरा ते शेंदुर्णी या वाटेवर हा आरंभ केला आहे. पहिल्या चित्रावर ‘बैलगाडी’ हा शब्द त्यानें लिहिला तो मराठींत, आणि शेजारीं इंग्रजी प्रतिशब्द लिहावा कीं नाहीं हें आम्हांस विचारावयास आला. आम्हीं सांगितलें, दोन्ही लिही. परंतु मराठी आधीं.