युनिक्सच्या पोथीतील आडवी रेघ

युनिक्स या संगणक-प्रणालीची एक पोथी आहे. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती सिद्ध केली. पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. संगणकाला द्यायच्या प्रत्येक आज्ञेला तीत स्वतंत्र पान: नाव, वापरण्याची रीत, वर्णन आणि, नवल वाटेल तुम्हांला, त्या आज्ञेतले ठाऊक असलेले दोषसुद्धा!

ही पाने रॉफ पद्धतीने लिहीत. ओळीच्या आरंभी टिंब दिसले की ती ओळ मजकूर नव्हे, जुळाऱ्याला दिलेली सूचना. पद्धत चोख, लिहिणाऱ्याचा मात्र जीव मेटाकुटीला येई. मग सोप्या खुणांच्या पद्धती निघाल्या. १९९४ साली पर्ल भाषेच्या पाचव्या आवृत्तीबरोबर पॉड आली, २००२ मध्ये अ‍ॅस्किडॉक, २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांची मार्कडाउन. शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन तारका मांडा, की झाला तो ठळक! परंतु पोथी उघडणारा प्रोग्रॅम जुनीच भाषा जाणणारा. तेव्हा मध्ये दुभाषी आला. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली आरंभलेला पॅनडॉक हा त्यांतलाच.

तुम्ही म्हणाल, तारका पुसून टिंब घालायचे, यात अवघड ते काय? अहो, खरी गोम आडव्या रेघेत आहे. सोप्या लेखनात रेघ एकच. रॉफमध्ये नुसती रेघ म्हणजे दोन शब्द जोडणारे संयोगचिन्ह. आज्ञेच्या पर्यायाआधीची रेघ हवी असेल, तर तिच्यामागे उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. मोडी कागद बाळबोधीत उतरवणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ स्वतःच ठरवावे लागते ना, तसेच हे. दुभाषी चुकला तर पडद्यावर रेघ दिसते अगदी तशीच, पण अक्षर निराळे. वाचक बिचारा विश्वासाने ती आज्ञा पानावरून उचलतो आणि संगणक ती नाकारतो. दोष कुणाचा, हे त्याला कळायचे कसे?

रॉफचा आजचा वारस ग्रॉफ. तो पोथीच्या पानांपुरती ही चूक बरीच वर्षे पोटात घालीत असे. २०२३ च्या १.२३ आवृत्तीत ही सवलत काढून घेतली. शास्त्रदृष्ट्या ते बरोबरच होते म्हणा; पण चुकीच्या रेघांची जुनी पाने ढिगाने पडलेली, ती दुरुस्त कोण करणार? डेबियनच्या मंडळींनी आपल्यापुरती सवलत पुन्हा चालू केली.