पुसून मग टिपायचं

कंधारला मी लॅब चालवत होतो तेव्हा आसपासच्या वाडी-तांड्यांवरून येणाऱ्या जखमा बहुतेक शेतातल्या असत. ज्वारीचं धसकट पायात घुसलेलं, खुरप्यानं बोट कापलेलं, बैलानं शिंग मारलेलं. माणूस माझ्यापर्यंत पोचायच्या आधी हळद, दगडीपाल्याचा रस, जवसाचं पोटीस हे सगळं होऊन गेलेलं असे. सोबतचा माणूस पट्टी उघडून म्हणायचा, "साहेब, पू लई हाय, पाहिजे तेवढा घ्या." पू म्हणजेच आजार, तेव्हा पूच तपासायचा, असा हिशेब. मला त्यावर कधी हसू आलं नाही, कारण शिकलेले वैद्यही कित्येक शतकं पू पाहूनच बोलत आले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तर व्रणाच्या स्रावावर अख्खा अध्याय आहे. युरोपात घट्ट, पांढरा पू जखम सुधारल्याची खूण मानत, आणि तो आला की शल्यवैद्य खूश होत.

वरून दिसतं तेच आत असतं असं नाही, हे आमच्या नांदेडला सांगावं लागू नये. 1708 साली गुरू गोविंदसिंगजींवर इथं खंजिराचा वार झाला. जखम शिवली, ती भरत आली, आणि जड धनुष्य ओढताना टाके उसवले, असं परंपरा सांगते. त्या काळी शिवणारे हात होते, पण जखमेच्या आत काय चाललंय हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळायला पुढची पावणेदोनशे वर्षं गेली. 1880 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागला. घरामागच्या शेडमध्ये त्यानं प्रयोगशाळा थाटली होती. द्राक्षांच्या घडासारखे जंतू दिसले, ते त्यानं कोंबडीच्या अंड्यात वाढवून पाहिले आणि 1882 मध्ये त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिलं. ऑगस्टननं पूच घेतला, हे इथं लक्षात ठेवावं. बंद गळवातला पू सुईनं ओढून घेतला तर तो आजही उत्तम नमुना. घोटाळा होतो तो उघड्या जखमेत. तिथं साचलेल्या पुवात कातडीवरचे, मातीतले, पट्टीवरचे असे सगळे उपरे जंतू असतात.

मातीचं म्हणाल तर पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग फ्रान्समधल्या बुलोनच्या इस्पितळात सैनिकांच्या जखमा तपासत होता. त्यांच्या मातीनं माखलेल्या कपड्यांतही त्याला जखमेतलेच जंतू सापडले. मग त्यानं काचेची नळी तापवून तिला काटे-कपारी काढल्या, म्हणजे जणू खोटी जखमच केली, आणि दाखवून दिलं की जंतुनाशक ओतलं तरी कपारीतले जंतू मरत नाहीत. मला हा प्रयोग पेनिसिलीनच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडतो. काळ्या रानात चिखल तुडवून पाय चिघळलेल्या माणसाला तो लगेच समजतो.

एवढं कळूनही नमुन्यासाठी कापूस फिरवायचा कुठं, याचं मोजून उत्तर 1976 ला मिळालं. टेक्ससमधल्या अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेत लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर ते काम केलं. आज त्यांच्या नावानं चालते ती रीत अशी: आधी निर्जंतुक सलाईननं जखम धुवायची, पू आणि मेलेलं मांस काढायचं. मग जी लाल, जिवंत जागा दिसते तिथं एक चौरस सेंटिमीटरवर स्वॅब, म्हणजे काडीवरचा कापूस, दाबून पाच सेकंद गोल फिरवायचा. दाब एवढा की आतला द्रव वर यावा. जखम कोरडी असेल तर स्वॅब आधी सलाईननं ओला करायचा. जमेल तर अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वीच हे उरकायचं. रुग्णाला दुखतं, आणि नेमकं म्हणूनच पुष्कळ जण वरवर टिपून मोकळे होतात. माझ्या मते अर्धे वांझोटे रिपोर्ट या दयेतून येतात.

दुसरं दुखणं अंतराचं. कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून पाहायची, सोय माझ्याकडे नव्हती, नमुना एसटीनं नांदेडला जायचा. उन्हाळ्यात गाडीतला कोरडा कापूस म्हणजे जंतूंना फाशीच. नमुन्याचा प्रवास ही नुसती खेड्यातली अडचण नव्हे. आर. डी. स्टुअर्टनं 1954 मध्ये कॅनडातून ज्या वाहतूक माध्यमाची माहिती छापली, ते परम्याचे नाजूक जंतू दूरच्या लॅबपर्यंत जिवंत पोचावेत म्हणून होतं. 1967 मध्ये एमीजनं त्याचं सूत्र बदललं आणि त्यात कोळसा घातला. काळ्या जेलची ती नळी आमच्याकडे आली तेव्हा एक कंपाउंडर म्हणाला, "खराब झालीय वाटतं, फेकून देऊ का?"

आता मधुमेहाचे पाय जास्त येतात, धसकटं कमी. चिघळल्याची लक्षणं नसतील तर स्वॅब घ्यायचाच नाही, हे नव्या मुलांना आवर्जून सांगावं लागतं. जंतू तर प्रत्येक उघड्या जखमेत सापडतात, आणि सापडले की डॉक्टर औषध लिहितात. फॉर्मवर मात्र अजून नुसतं "पू" लिहून येतं. कुठल्या पायाचा, किती दिवसांचा, कोणती गोळी चालू आहे, ते फोन करून विचारावं लागतं.