फोटोखालचं नाव

फोटोवर नाव लिहायची सोय १९१४ साली थेट कॅमेऱ्यातच होती, असं सांगितलं तर पटेल? कोडॅकचा 'ऑटोग्राफिक' कॅमेरा. पाठीमागे एक छोटीशी खिडकी आणि सोबत धातूची टोकदार लेखणी. फिल्म आणि तिच्या मागचा कागद यांच्या मध्ये कार्बन पेपरसारखा एक पातळ थर असायचा. फोटो काढला की खिडकी उघडायची, नाव-गाव-तारीख खरडायची, काही सेकंद उजेड लागू द्यायचा. निगेटिव्ह धुतली की दोन फोटोंमधल्या पट्टीत तुमचंच अक्षर! ही कल्पना हेन्री गेसमन नावाच्या माणसाची. पेटंटसाठी कोडॅकने त्याला ३ लाख डॉलर मोजले. (हाच गेसमन पुढे जिलेट कंपनीचा प्रमुख झाला. दाढीच्या रेझरमध्येही त्याचं डोकं चालायचं.) १९३० नंतर लवकरच हा प्रकार बंद पडला.

मला यात मजा वाटते ती एका वेगळ्याच गोष्टीची. त्या खिडकीतून कोणी मोडीत लिहिलं असतं, तरी कॅमेऱ्याला काही फरक पडला नसता. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे एक रेघोटी. जोवर अक्षर हेच चित्र असतं, तोवर कुठलीही लिपी अवघड नसते.

आपल्याकडच्या छपाईचंही असंच. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावर. म्हणजे हाताने लिहिलेलं दगडावर उतरवायचं आणि छापायचं. वेलांटी, रफार, जोडाक्षर, सगळं लिहिणाऱ्याच्या हातात. खरी कटकट सुरू झाली ती खिळे आले तेव्हा. सुटे खिळे जुळवून मजकूर करायचा तर इंग्रजीला लहान-मोठी अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिळून काम भागतं. देवनागरीला मात्र काना-मात्रा-जोडाक्षरांपायी शेकड्यांनी खिळे लागत. लोकमान्य टिळकांनीसुद्धा ही संख्या कमी करायची बरीच खटपट केली होती. अक्षर 'काढायचं' नसून 'जुळवायचं' म्हटलं की आपली लिपी नखरे दाखवते. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उडी मारून १९८७ साली, अमेरिकेत. ड्यूपाँट या रसायनांच्या कंपनीत जॉन क्रिस्टी नावाचा प्रोग्रामर होता. त्याचे साहेब डेव्हिड पेन्सॅक यांना संगणकाने तयार केलेली रंगीत चित्रं पडद्यावर बघायची होती आणि पडदा एका वेळी फक्त २५६ रंग दाखवणारा. क्रिस्टीने रंग कमी करूनही चित्र बरं दिसेल असा प्रोग्राम लिहिला. यूझनेटवरून त्याने स्वतः लोकांचा बराच फुकट कोड वापरला होता, त्याची परतफेड म्हणून आपलाही कोड वाटायचं ठरवलं. कंपनीनेही हक्क सोडले. १ ऑगस्ट १९९० रोजी तो यूझनेटवर आला. नाव इमेजमॅजिक.

पुढची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. माऊसला हात न लावता हजार फोटो लहान करायचे, फिरवायचे, त्यावर लिहायचे, तर हेच टूल. लिहिण्यासाठी 'अ‍ॅनोटेट' हा पर्याय: फॉन्ट सांगा, आकार सांगा, रंग सांगा, 'ग्रॅव्हिटी साउथ' म्हणा, की मजकूर तळाला जाऊन बसतो. 'लेबल' दिलेल्या मजकुराचं नवीन चित्र करतं. 'कॅप्शन' तेच करतं, पण लांब ओळ रुंदीत बसवून मोडतं. 'मोन्टाज' तर प्रत्येक फोटोखाली फाइलचं नाव घालून अख्खा तक्ता काढून देतं. फक्त विंडोजवर याची 'कन्व्हर्ट' ही कमांड चालवायला गेलं की डिस्कचा फॉरमॅट बदलणारी, त्याच नावाची विंडोजची कमांड मध्ये यायची! सातव्या आवृत्तीत मुख्य कमांडचं नावच 'मॅजिक' केलं, तेव्हा हा घोळ मिटला.

पण मराठी लिहायला गेलं की? 'किरण'चं व्हायचं 'करिण'. 'लक्ष्मी'चे पाय मोडून 'लक्‌ष्‌मी'. 'सूर्य'चा रफार गायब.

कारण तेच, खिळ्यांचं. १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरी आली ती भारताच्या इस्की प्रमाणाच्या धर्तीवर, आणि त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी. हा क्रम फिरवणं, र वर चढवणं, दोन व्यंजनं जोडणं याला 'शेपिंग' म्हणतात आणि ते कोणीतरी करावं लागतं. इमेजमॅजिक मूळचं प्रत्येक कोडसाठी फॉन्टमधला एक तुकडा उचलून ओळीत मांडायचं. इंग्रजीला तेवढं पुरतं. आपल्याला नाही. फॉन्ट कितीही चांगला असला तरी नाही, कारण चूक फॉन्टची नसते, जुळाऱ्याची असते.

उपाय आला तो वेगळ्याच लोकांकडून. हार्फबझ ही शेपिंगची लायब्ररी. नाव फारसी, अर्थ 'ओपन टाइप'. तिच्या मागे मुख्यतः बेहदाद एस्फहबोद हा इराणी वंशाचा प्रोग्रामर. अरबी-फारसीतही अक्षरं शेजार बघून रूप बदलतात, म्हणजे दुखणं आपल्यासारखंच. तिच्या आधाराने चालणाऱ्या पँगो आणि राक्म या लायब्ररी इमेजमॅजिकला जोडता येतात. व्हर्जन विचारल्यावर जी 'डेलिगेट्स'ची यादी येते, तीत राक्म दिसलं तर 'किरण' हा किरणच राहतो. नसेल तर 'पँगो' वापरून मजकुराचं चित्र करायचं आणि ते फोटोला जोडायचं.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. नाव फाइलच्या मेटाडेटात लिहावं की! लिहावंच. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की ती माहिती गळून पडते. चित्रातच उमटलेलं नाव मात्र दहा ग्रुप फिरून आलं तरी टिकतं. कित्येक घरांत जुने फोटो स्कॅन होऊन हार्ड डिस्कवर पडलेत आणि त्यातले चेहरे ओळखणारं घरात एखादंच माणूस उरलंय. अशा वेळी नाव जाणं म्हणजे माणूसच जाणं. आणि नाव लिहायचं तर ते नीट दिसायला हवं. आजीचं नाव मोडक्या जोडाक्षरात किंवा नाइलाजाने रोमनमध्ये का लिहायचं?

करणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. मूळ फोटोवर काही लिहू नका. त्याची प्रत घ्या, 'स्प्लाइस'ने खाली पांढरी पट्टी वाढवा आणि त्या पट्टीत लिहा, म्हणजे कोणाच्या साडीचे काठ झाकले जाणार नाहीत. आणि कमांडच्या आधी एक साधी टेक्स्ट फाइल करा: फोटोचा क्रमांक, मग 'मागच्या रांगेत, डावीकडून' अशी नावं. ती भरायला घरातल्या त्या माणसाशेजारी बसावं लागेल. ते या शनिवारीच करा. कमांड काय, पुढच्या वर्षीही चालेल.